भाकर, भूमि आणि राज्य

(उपदेशक व मंडळींचे अभ्यासवर्ग यांकरितां धडा)

शास्त्रपाठ: उत्पत्ति ४७:१–२७, निर्गम १:८–१४, १ शमुवेल ८:१०–१८.



योसेफाची गोष्ट आपण पुष्कळदां ऐकली आहे. बहुधा भावांच्या भेटीपाशीं आपण ती संपवितों. पुढचा सत्तेचाळिसावा अध्याय मात्र क्वचितच वाचला जातो. त्या एका अध्यायांत तीन प्रश्न एकत्र आले आहेत: लोक आपली भूमि सोडून परमुलखीं कां जातात? पिकविलेलें धान्य कोणाच्या कोठारांत जातें? आणि हें ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हातीं असतो? शाळेच्या पुस्तकांत यांस स्थलांतर, अर्थव्यवस्था व राज्यपद्धति म्हणतात. नांवें मोठीं आहेत. परंतु गोष्टी आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर घडलेल्या आहेत. हा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नांवानें ओळखला जात असे.

१. लोक गांव कां सोडतात?

याकोबाचें घराणें मिसर देशांत गेलें तें दुष्काळामुळें. आपल्या किनाऱ्यावर त्याच याकोबाचे वंशज म्हणविणारे लोक आले. फार प्राचीन काळीं अलिबागेजवळ नवगांव येथें गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरा आहे. ते तेलाचा घाणा चालवीत आणि शब्बाथ दिवशीं तो बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, नवगांवकर हीं त्यांचीं आडनांवें आपल्याच गांवांवरून पडलीं. इंग्रजी अमलांत त्यांतील पुष्कळजण चाकरीसाठीं मुंबईस गेले. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बहुतेक हळूहळू तिकडे निघून गेले. एकाच समाजाच्या प्रवासांत तीन कारणें दिसतात: आधीं संकट, मग पोट, शेवटीं आशा.

इतर जातींच्या लोकांसही पोटानेंच मुंबईची वाट दाखविली. १८५४ पासून तेथें कापडाच्या गिरण्या उभ्या राहूं लागल्या, आणि कोंकणांतील तरुण तिकडे जाऊं लागले. शेत व म्हातारे आईबाप गांवीं, मजुरी शहरांत, असा संसार दुभंगला. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला येणारी रामदास बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. आपल्या भागांतील किती घरांचा कर्ता पुरुष पाण्यापलीकडे राहत होता, हें त्या एका दिवसानें दाखविलें.

२. धान्य कोणाचें?

परंतु भात पिकविणाऱ्या मुलखांतील माणसास पोटासाठीं दूर कां जावें लागलें? येथें दुसरा प्रश्न येतो. मिसरांत लोकांनीं धान्यासाठीं आधीं पैसा दिला, मग गुरें, मग शेतें, आणि शेवटीं स्वतःस विकलें. त्यांचे जीव वांचले खरे, परंतु भूमि फारोची झाली आणि उत्पन्नाचा पांचवा हिस्सा कायमचा त्यास जाऊं लागला. बाविसावें वचन आपण उपदेशकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें: याजकांच्या जमिनींस हात लागला नाहीं. ज्यांचें पोट राजाकडून भरतें, त्यांस लोकांचें ओझें लवकर दिसत नाहीं.

आपल्याकडे फारोच्या ठिकाणीं खोत होता. सरकार व कुळ यांच्यामध्यें उभा राहून तो सारा वसूल करी. कुळानें समुद्राचें खारें पाणी बांधानें अडवून खाजण जमीन पिकाखालीं आणावी, आणि भाताचा अर्धा वांटा, कित्येक ठिकाणीं त्याहूनही अधिक, खोताच्या घरीं पोंचवावा. शिवाय वेठही करावी. हिशेब खोताच्या वहींत असे, आणि कुळास वाचतां येत नसे.

अलिबाग तालुक्यांतील चरी गांवीं २७ ऑक्टोबर १९३३ रोजीं शेतकरी जमले आणि त्यांनीं या जमिनी न कसण्याचा निश्चय केला. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी होते. पंचवीस गांवांतील कुळें या संपांत होतीं. शेतें ओस पडलीं. लोकांनीं डोंगरांतील लांकडें विकून व मासे धरून दिवस काढले. परंतु १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारें सहा वर्षें, त्यांनीं नांगर धरला नाहीं. एक दिवस उपास करणें आपणांस जड जातें. ज्यांनीं सहा पावसाळे आपलें शेत डोळ्यांपुढें रिकामें पाहिलें, त्यांच्या धीराची कल्पना करावी.

३. अधिकार कोणाचा?

या किनाऱ्यानें नाना प्रकारचीं राज्यें पाहिलीं. रायगडावर १६७४ सालीं शिवाजी महाराजांस राज्याभिषेक झाला. चौल येथें १७४० पर्यंत पोर्तुगीज होते. अलिबागेस आंग्र्यांचें संस्थान होतें. तें १८४० सालीं कंपनी सरकारनें खालसा केलें. मुरूड जंजिऱ्यास १९४८ पर्यंत सिद्दी नबाबाचें राज्य होतें. राजे बदलले, परंतु कुळास कोणींही विचारलें नाहीं. शमुवेलानें इस्राएल लोकांस हाच इशारा दिला होता: राजा मागाल तर तो तुमचे पुत्र नेईल, उत्तम शेतें नेईल, आणि तुम्ही त्याचे दास व्हाल.

मग बदल कसा झाला? १९३७ सालीं डॉक्टर आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक आणलें. तें त्या वेळीं मंजूर झालें नाहीं; मत देण्याचा हक्कही तेव्हां थोड्याच लोकांस होता. तथापि १९३९ सालीं कुळकायदा झाला, १९४९ सालीं खोती नष्ट करण्याचा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा कसणाऱ्याचा दिवस ठरून पुष्कळ कुळें जमिनीचीं मालक मानलीं गेलीं. १९५० च्या राज्यघटनेनें तर प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत दिलें. राजा जें कृपा म्हणून देतो तें त्याचा वारस काढून घेतो. योसेफास न ओळखणारा फारो उठला, तेव्हां पाहुणे होते ते गुलाम झाले. कायद्यानें मिळालेलें टिकतें, परंतु लोक जागे राहतील तोंवरच.

४. आज आपण काय करावें?

ज्यांच्या नांवावर कुळ म्हणून जमीनच नव्हती, त्यांस या कायद्यांनीं काय दिलें? आपल्या डोंगरकडेच्या पुष्कळ कातकरी कुटुंबांकडे पाहा. पावसाळ्यांत हातउसने घ्यावें, मालकाकडून उचल घ्यावी, आणि भातकापणी झाली कीं मुलांबाळांसह वीटभट्टीवर जावें. असें वर्षानुवर्षें चालतें. वेठबिगार १९७६ च्या कायद्यानें बंद झाली आहे. परंतु जी उचल कधीं फिटत नाहीं, तिला दुसरें नांव काय द्यावें? मुलांची शाळा सुटते, आणि वहीं वाचतां न येणारी आणखी एक पिढी तयार होते.

भूमि परमेश्वराची आहे आणि आपण तिच्यावर उपरी आहों, असें लेवीय २५:२३ शिकवितें. म्हणून मंडळीनें निदान तीन कामें करावीं. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाची उचल व मजुरी त्याच्यासमोर वहींत लिहून द्यावी. त्याचीं मुलें गांवांत राहून शाळेंत जातील अशी सोय शेजाऱ्यांनीं करावी. आणि ग्रामसभेस स्वतः जावें व त्यासही सोबत न्यावें. केवळ प्रार्थना करून हीं कामें दुसऱ्यावर टाकूं नयेत.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न

१. तुमच्या घराण्यांतील कोण, कोणत्या सालीं, कशासाठीं गांव सोडून गेलें?
२. योसेफानें लोकांचे जीव वांचविले. तरी त्यांचें काय गेलें?
३. याजकांची जमीन सुटली, यांत उपदेशकांस कोणता इशारा आहे?
४. तुमच्या गांवांत आज कोणाचा हिशेब दुसऱ्याच्या वहींत आहे?