औषधाचे पेटंट : हक्काची हद्द कोठवर?

"डॉक्टर, या औषधाचे पेटंट एका परदेशी कंपनीकडे आहे म्हणतात. मग दुसऱ्या कंपनीची ही स्वस्त गोळी नकली तर नाही ना?" असा प्रश्न दवाखान्यात वरचेवर विचारला जातो. पेटंट हा शब्द आपण सगळेच वर्तमानपत्रात वाचतो. पण पेटंट म्हणजे औषधाच्या उत्तमपणावरचा सरकारी शिक्का, असा अनेकांचा समज असतो. कोणाला वाटते की कंपनीने त्या रोगावरच्या इलाजाचाच मक्ता घेतला आहे. हे दोन्ही समज बरोबर नाहीत. क्षयरोगावरील बेडाक्विलीन या औषधाच्या उदाहरणावरून आज आपण हा विषय समजावून घेऊ.

पेटंट म्हणजे काय?

पेटंटला सरकारी मराठीत 'एकस्व' म्हणतात. संशोधन नवे असावे, त्या विषयाच्या जाणकारालाही सहज सुचण्यासारखे नसावे आणि उपयोगाचे असावे, अशा तीन मुख्य अटी आहेत. त्या पुऱ्या झाल्या तर अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांपर्यंत इतरांना ती वस्तू बनवण्यास व विकण्यास मज्जाव करण्याचा हक्क संशोधकाला मिळतो. त्याच्या मोबदल्यात त्याने आपली कृती जगापुढे उघड करायची असते.

हा हक्क मज्जाव करण्याचा आहे, हे लक्षात ठेवावे. औषध विकण्याची परवानगी वेगळी असते आणि ती औषध नियंत्रक देतो. गुणवत्तेची तपासणी त्याच्याकडे असते, पेटंट कार्यालयाकडे नसते.

आपल्याकडे १९७० च्या कायद्यानुसार औषध बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळत असे, खुद्द औषधावर नाही. त्यामुळे तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवून स्वस्तात विकणे आपल्या कारखान्यांना शक्य झाले. २००५ पासून औषधावरही पेटंट मिळू लागले.

दावे म्हणजे चतुःसीमा

जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात. पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचे शेत, वगैरे. खतात जमिनीचे वर्णन कितीही असो, मालकी त्या चार सीमांच्या आतच असते. पेटंटच्या कागदातही तसेच असते. आधी संशोधनाचे सविस्तर वर्णन येते, ते कधी शंभर पानांचेही असते. शेवटी क्रमांक घातलेली काही वाक्ये येतात. त्यांना 'दावे' म्हणतात. हक्काची हद्द या दाव्यांवरून ठरते.

दावा वाचण्याची एक खूण आहे. त्यात अटी जितक्या जास्त, तितका हक्क लहान. "अमुक रसायन" एवढाच दावा असेल तर ते रसायन असलेली प्रत्येक गोळी त्यात येते. "अमुक रसायन, अमुक क्षाराच्या रूपात, अमुक पदार्थात मिसळून केलेली गोळी" असा दावा असेल तर यातल्या सगळ्या गोष्टी एकत्र असतील तेव्हाच तो लागू पडतो.

म्हणूनच एका औषधावर एकाहून अधिक पेटंटे असू शकतात. मूळ रसायनावर एक, त्याच्या क्षारावर दुसरे, बनवण्याच्या पद्धतीवर तिसरे. पहिल्याची मुदत संपली की दुसरे पुढे करता येते. सामान्य रुग्णाच्या खिशाचा प्रश्न येथे सुरू होतो.

बेडाक्विलीनची हकिकत

क्षयाचे काही जंतू आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. अशा रुग्णांना पूर्वी कित्येक महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शने घ्यावी लागत. क्षय बरा होई, पण काहींचे कान कायमचे जात. बेडाक्विलीन हे तोंडाने घ्यायचे औषध आहे. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि पुढे जगभर या इंजेक्शनांची जागा त्याने घेतली.

औषध जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचे. मूळ रसायनावरील भारतीय पेटंटची मुदत १८ जुलै २०२३ रोजी संपणार होती. मात्र कंपनीने बेडाक्विलीनच्या फ्युमरेट क्षारासाठीही वेगळा अर्ज केला होता. बाजारातली गोळी याच क्षाराची असते. तो अर्ज मंजूर झाला असता तर मक्ता २०२७ पर्यंत लांबला असता.

या अर्जाला दोघींनी हरकत घेतली. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले. दोघीही क्षयातून बऱ्या झालेल्या आणि उपचारांच्या दुष्परिणामाने श्रवणशक्ती गमावलेल्या. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही व्यक्ती त्याविरुद्ध हरकत घेऊ शकते, ही तरतूद आपल्या कायद्यात आहे.

आपल्या कायद्याचे कलम ३-डी येथे महत्त्वाचे ठरते. माहीत असलेल्या औषधाचा नवा क्षार किंवा नवा स्फटिक केला, तर गुण ठळकपणे वाढल्याचे दाखवल्याखेरीज त्याला नवे संशोधन मानत नाहीत. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी स्पष्ट केले की, औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रोग बरा करण्याचा गुण. नवे रूप अधिक टिकाऊ आहे किंवा हाताळण्यास सोपे आहे, एवढ्याने भागत नाही.

मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने फ्युमरेटचा अर्ज फेटाळला. जुलैत मूळ पेटंट संपले आणि भारतीय कंपन्यांना वाट मोकळी झाली. आंतरराष्ट्रीय खरेदीत सहा महिन्यांच्या औषधाचा भाव २०२० साली ३४० डॉलर होता. ऑगस्ट २०२३ मध्ये ल्युपिन या भारतीय कंपनीचा भाव १९४ डॉलर, तर मूळ कंपनीचा १३० डॉलर जाहीर झाला. स्पर्धक येताच मूळ कंपनीचाही भाव उतरला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

१) पेटंटची मुदत संपल्यावर दुसऱ्या परवानाधारक कंपनीने बनवलेले तेच औषध नकली नसते. वेष्टनावर औषधाचे मूळ नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहावी व बिल घ्यावे.

२) 'नवे, सुधारित' एवढ्यावरून महाग गोळीचा आग्रह धरू नये. सुधारणेने रोगाला अधिक गुण येतो का, हे डॉक्टरांना विचारावे.

३) "अमक्या औषधाचे पेटंट घेतले" अशी बातमी वाचली तर पेटंट नेमके कशावर आहे ते पाहावे. रसायनावर, क्षारावर की पद्धतीवर?

४) दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. राष्ट्रीय कार्यक्रमात क्षयाची औषधे मोफत मिळतात. बेडाक्विलीन हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते, त्यामुळे ते देताना अधूनमधून ईसीजी काढावा लागतो. ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. सुरू केलेले उपचार बरे वाटू लागले म्हणून सोडू नयेत. अर्धवट उपचाराने जंतू औषधांना सरावतात, आणि मग साध्या स्वस्त गोळ्यांनी बरा होणारा क्षय बेडाक्विलीनसारख्या औषधाची वाट पाहू लागतो.