स्वयंपाकघरापासून परसबागेची आंखणी

ज्या घरीं दहा-वीस एकर जमीन आहे त्या घरीं भाजी आठवड्याच्या बाजारांतून विकत यावी, आणि बाजार होऊन चार दिवस लोटले म्हणजे ताटांत भाकरी, वरण व चटणी एवढेंच उरावें, अशी स्थिति पुष्कळ गांवीं दिसते. ऊस, कापूस, सोयाबीन ह्यांचा पैन् पै हिशेब ठेवणारा शेतकरी घरच्या भाजीचा हिशेब मात्र ठेवीत नाहीं. परसबाग करावी हा उपदेश जुना आहे. बहुतेकांनीं ती एकदां तरी करून पाहिलेली असते, आणि दुसऱ्या वर्षीं तेथें गवत माजलेलें असतें. ती कां टिकत नाहीं व टिकावी म्हणून काय करावें, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

गरज किती :— हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनांत प्रौढ माणसास दररोज सुमारें ४०० ग्रॅम भाजी, पालेभाजी धरून, सांगितली आहे. सहा माणसांच्या कुटुंबांत मुलांचें प्रमाण कांहीं कमी धरलें तरी दररोज दोन किलोंवर भाजी लागते. ही गरज केवळ जिभेची नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ स्त्रियांस रक्तक्षय असल्याचें आढळलें. रक्तक्षयाचीं कारणें अनेक आहेत, तथापि निकस आहार हें त्यांतील एक मोठें कारण होय. जेथें भाजी थोडी तेथें ती पुरुषांस व मुलांस वाढतांनाच संपते. सर्वांमागून जेवणाऱ्या बाईच्या ताटापर्यंत ती पोंचत नाहीं.

अपयशाचें मूळ :— आमच्या मतें परसबाग फसते ती जमिनीच्या दोषानें नव्हे, तर पेरणीच्या पद्धतीनें. शेतांतील पिकाप्रमाणें परसांतहि सर्व बीं एकाच दिवशीं टाकण्यांत येतें. वाफाभर मेथी एकदम तयार होते; चार दिवस घर ती खातें, उरलेली फुलावर येऊन गुरांपुढें जाते, आणि पुढें महिनाभर वाफा रिकामा राहतो. शेतांतील पीक एकदां काढावयाचें असतें, परसांतील पीक रोज काढावयाचें असतें. म्हणून परसबागेची आंखणी चुलीपासून करावी : घरांत कोणती भाजी, किती व आठवड्यांतून किती वेळां शिजते, हें गृहिणीस विचारून तेवढीच पेरावी.

पेरणीचा क्रम :— उदाहरणार्थ, नवरात्रानंतर मेथीच्या वाफ्याचे चार भाग करावे व दर आठ दिवसांनीं एक भाग पेरावा. मेथी पंचवीस ते तीस दिवसांत उपटण्यास येते. त्यामुळें चौथा भाग पेरल्यावर लवकरच पहिला भाग तयार होतो व तो रिकामा होतांच पुन्हां पेरतां येतो. कोथिंबिरीसाठीं धने रगडून त्यांचीं दोन दलें करावीं आणि भिजवून पेरावे. मेथी व पालक थंडींत चांगलीं येतात, उन्हाळ्यांत लवकर फुलावर जातात. म्हणून उन्हाळ्यांत माठ व चवळई, आणि पावसाळ्यांत अंबाडी व अळू, अशी वांटणी ठेवावी. वांगीं, मिरची व टोमॅटो ह्यांचीं सहा-आठ झाडेंच पुरतात, परंतु दर हंगामास नवीं रोपें तयार ठेवावीं. कुंपणावर व मांडवावर दोडका, कारलें, दुधी व वालाचा वेल सोडावा. कोपऱ्यांत शेवगा व कढीलिंब असावेच. वाफे रिकामे असतां शेवग्याचा पाला भाजीस उपयोगीं पडतो.

जागा व पाणी :— विहिरीजवळची दूरची जागा घेण्यापेक्षां स्वयंपाकघराच्या दाराजवळची दोन-अडीच गुंठे जागा बरी. जें रोज दिसतें त्याचीच निगा राहते. दक्षिणेस व पश्चिमेस मोठीं झाडें लावूं नयेत, नाहींतर वाफ्यांवर सावली पडते. न्हाणीचें सांडपाणी केळ व अळू ह्यांस द्यावें. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबिरीस वा मुळ्यास देऊं नये. धुण्याच्या सोड्याचें पाणी जमिनीस अपायकारक असल्यानें तें बाहेरच सोडावें.

औषधांविषयीं :— ज्या वाफ्यांतून सायंकाळीं भाजी तोडावयाची त्यावर सकाळीं विषारी औषध मारणें म्हणजे तें घरच्यांसच खाऊं घालणें होय. मावा दिसल्यास ५० ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून, गाळून, किंचित् साबण मिसळून दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं फवारावी. कीटकनाशकाचा रिकामा डबा पाण्यासाठीं कदापि वापरूं नये.

रांधणें व सांठवण :— भाजी धुऊन मग चिरावी. चिरून धुतल्यास सत्त्व पाण्याबरोबर जातें. थोड्या पाण्यांत, झांकण ठेवून शिजवावी व तें पाणी आमटींत घालावें. हिरव्या रंगासाठीं सोडा घालूं नये. पालेभाजीवर लिंबू पिळल्यानें तींतील लोह अंगीं लागण्यास मदत होते. उलट जेवणाबरोबर चहा घेतल्यानें अडथळा होतो. मुळ्याचा पाला फेंकूं नये, तो भाजीच आहे. अळूंत चिंच किंवा आमसूल घालून तो पूर्ण शिजवावा, म्हणजे खवखवत नाहीं. तांबडा भोपळा देठासह काढून हवेशीर जागीं ठेवल्यास महिनोन् महिने टिकतो. कोहळ्याचे सांडगे, वाळविलेली गवार व वालाचे दाणे हीं टंचाईच्या दिवसांचीं साधनें आहेत.

बीं :— वेलावरील एक उत्तम दोडका बियांसाठीं राखून पूर्ण वाळूं द्यावा व बीं राखेंत ठेवावें. संकरित वाणाचें बीं धरूं नये. तें मूळ वाणासारखें येत नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांतल्या कोंभाळणें येथील राहीबाई पोपेरे ह्यांस गांवठी वाणांचें बीं जपण्याच्या कार्याबद्दल २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली. आजीच्या गाडग्यांतील बियांची योग्यता ह्यावरून ध्यानांत यावी.

आंखणी गृहिणीच्या सल्ल्यानें करावी असें आम्ही म्हटलें, त्याचा अर्थ सर्व कष्टहि तिच्याच माथीं मारावे असा नाहीं. खोदणें, शेणखत टाकणें, मांडव घालणें व पाण्याची पाळी देणें हीं कामें पुरुषांनीं आपल्याकडे घ्यावीं. शेवटीं एक सूचना : चुलीजवळ एक वही ठेवून कोणत्या तारखेस काय पेरलें, तें घरांत केव्हां आलें आणि कोणत्या दिवशीं भाजी विकत आणावी लागली, एवढें टिपून ठेवावें. वर्षअखेर त्या वहींतील बाजाराचे दिवस पाहिले म्हणजे पुढील वर्षीं कोणत्या महिन्यांत काय पेरावें, हें सांगण्यास दुसऱ्या कोणाची गरज राहणार नाहीं.