पायऱ्यांवाचून खेळ

भातुकली हा महाराष्ट्रातील मुलांचा जुना खेळ आहे. त्यात एक मुलगी आई होते, दुसरी पाहुणी होते आणि धाकटा भाऊ वाणी बनून चुरमुऱ्यांचे 'तांदूळ' मोजून देतो. दुसऱ्या दिवशी वाणी पाहुणा होतो व पाहुणी आई होते. आई होण्याकरिता कोणालाही आधी शंभर वेळा पाहुणी व्हावे लागत नाही. शेजारी नव्याने राहावयास आलेल्या मुलीला त्याच दिवशी खेळात घेता येते. या खेळात भूमिका बदलतात. खेळणाऱ्याचा दर्जा ठरविणारा आकडा मात्र कोठेच नसतो.

मोक्षपटाची रचना निराळी आहे. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या या पटावर खेळाडू खालच्या घरातून निघतो, सद्गुणांच्या बळावर वर चढतो, दुर्गुणांच्या सापांमुळे खाली घसरतो आणि अखेर मोक्षाच्या घरी पोहोचतो. वरचे घर खालच्या घराहून श्रेष्ठ, हा त्याचा नियम होय.

आजच्या ऑनलाइन भूमिका-खेळांत या दोन्ही प्रकारांचे गुण एकत्र आलेले दिसतात. हजारो माणसे दूरदूरच्या गावांतून संगणकाच्या साहाय्याने एकाच काल्पनिक जगात येतात. कोणी योद्धा होतो, कोणी वैद्य होतो. परंतु त्या सोंगाबरोबर प्रत्येकाला एक पायरीही मिळते, आणि खेळण्याचा पुष्कळसा वेळ ती पायरी वाढविण्यात जातो. ही शिडी काढून टाकली तर खेळ उरेल काय, आणि उरावयाचा असेल तर तिच्या जागी काय ठेवावे, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

पायरीचा उगम

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका-खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. टेबलावर लहान लहान सैनिक मांडून खेळावयाच्या युद्धखेळांतून तो निपजला. राक्षसाला मारल्याबद्दल व धन मिळविल्याबद्दल पात्राला 'अनुभवगुण' द्यावयाचे, आणि ते पुरेसे साठले की पात्राची पायरी वाढवावयाची, अशी त्यात योजना होती.

१९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा खेळ संगणकावर रचण्यास आरंभ केला व रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. त्यात चित्रे नव्हती. सारे जग शब्दांनीच वर्णिलेले होते. सापडलेला खजिना दलदलीत टाकला की गुण मिळत, गुणांनी पायरी वाढे आणि अखेरच्या पायरीवर खेळाडू 'जादूगार' बनून त्या जगाची व्यवस्था पाहू लागे. येथे शिडीला शेवट होता, आणि त्या शेवटी एक जबाबदारीही होती. पुढे अनेक खेळ महिनेवारी वर्गणीवर चालू लागले. खेळाडू जितके महिने राहील तितके उत्पन्न अधिक, असे झाल्यावर शिडी लांबविण्याचा मोह निर्मात्यांना होणे स्वाभाविक होते.

दळणाचे गणित

पायरी वाढविण्याकरिता एकच कृती शेकडो वेळा करीत राहावे लागते. या कष्टाला खेळाडू 'ग्राइंड', म्हणजे दळण, असे म्हणतात. हे दळण किती असू शकते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. पहिल्या पायरीला १ तास लागतो व पुढच्या प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीपेक्षा १० टक्के वेळ अधिक लागतो, असे धरा. १० पायऱ्यांना एकंदर सुमारे १६ तास लागतील. ३० पायऱ्यांना सुमारे १६५ तास, आणि ६० पायऱ्यांना ३,००० तासांहूनही अधिक. रोज २ तास खेळणाऱ्या मुलाला शेवटच्या पायरीवर पोहोचण्यास चार वर्षांहून अधिक काळ लागेल. दहा टक्क्यांची ती वाढ आरंभी कोणाच्या लक्षातही येत नाही.

एवढ्या श्रमाने काय साधते, हेही तपासून पाहावे. पहिल्या पायरीवर खेळाडूच्या तलवारीचा घाव १० बळाचा व राक्षसाचे आयुष्य १०० मानले, तर राक्षस दहा घावांत मरतो. पुढे घाव १,००० बळाचा होतो. पण तेव्हा समोर येणाऱ्या राक्षसाचे आयुष्य १०,००० असते. घाव दहाच. आकडे शंभर पट झाले, गुणोत्तर मात्र तेच राहिले. खेळाडूच्या बोटांत, डोळ्यांत वा विचारांत नवे काही आलेच पाहिजे, असे यात कोठेही नाही.

तरीही माणूस दळत राहतो, याला मानसशास्त्रीय कारणे आहेत. क्लार्क हल या शास्त्रज्ञाने १९३२ साली असे मांडले की, चक्रव्यूहात सोडलेला उंदीर अन्नाच्या जवळ येतो तसा त्याचा वेग वाढतो. 'आणखी थोडेच गुण हवेत' असे दिसले की खेळाडूचेही तसेच होते. सी. बी. फर्स्टर व बी. एफ. स्किनर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आणखी एक गोष्ट दाखविली. कितव्या टोचीला दाणा मिळेल हे ठरलेले नसले, म्हणजे कबुतर न थांबता टोचीत राहते. राक्षस मारल्यावर दुर्मीळ वस्तू कधी मिळते, कधी मिळत नाही, त्या योजनेचे मर्म हेच आहे. म्हणून एखादा खेळ सोडवत नाही, एवढ्यावरून तो चांगला आहे असे ठरत नाही.

मित्रांची ताटातूट

दळणाने वेळ जातो, ही हानी सर्वांना दिसते. दुसरी हानी तितकी दिसत नाही. दोन मैत्रिणींपैकी एकीला रोज तीन तास मोकळे असतात व दुसरीला आठवड्यातून एकच सायंकाळ मिळते. महिनाभरात पहिली चाळिसाव्या पायरीवर जाते, दुसरी आठव्या पायरीवर राहते. आता पहिलीच्या रानात दुसरी एका घावात मरते, आणि दुसरीच्या रानात पहिलीला करण्यासारखे काही उरत नाही. एकत्र खेळण्यासाठी निघालेल्या मुली एकाच जगात असूनही एकमेकींना दुरावतात.

निर्मात्यांनाही ही अडचण जाणवली आहे. २००४ सालच्या 'सिटी ऑफ हीरोज' या खेळात वरच्या पायरीचा वीर खालच्या पायरीच्या मित्राला तात्पुरता आपल्या बरोबरीला आणू शके. त्याच वर्षी आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये आरंभी ६० पायऱ्या होत्या. वेळोवेळी भर पडून त्या १२० झाल्या, आणि २०२० साली निर्मात्यांनीच १२० व्या पायरीवरील पात्रे ५० व्या पायरीवर आणून ठेवली. स्वतःच उंचावलेली शिडी स्वतःच कापण्याची ही पाळी होती.

पायऱ्या वगळण्याचे प्रयोग

मार्क मिलर याच्या १९७७ सालच्या 'ट्रॅव्हलर' या टेबलावरील खेळात पात्राचे पूर्वायुष्य प्रारंभीच ठरविले जाई. ते नौदलातून वा व्यापारातून निवृत्त होऊन, कसब अंगी घेऊनच खेळात उतरे. त्यानंतर पायऱ्या चढणे हा खेळाचा हेतू नसे. प्रवास, कर्ज व व्यापार हाच हेतू असे.

१९८९ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स अॅस्पनेस या विद्यार्थ्याने 'टायनीमड' रचला. त्यात गुण व पायऱ्या नव्हत्या. प्रत्येकाला नव्या खोल्या व वस्तू निर्माण करता येत, आणि उरलेला वेळ बोलण्यात जाई. त्या जगाचा पसारा भराभर वाढला व १९९० साली मूळचा टायनीमड बंद झाला. त्याच सुमारास पाव्हेल कर्टिस याने झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात 'लॅम्डामू' हे जग उभारले. त्याचा मध्यभाग कर्टिसच्या स्वतःच्या घराच्या आराखड्यावरून घेतलेला होता. तेथे पायऱ्या नव्हत्या, परंतु तंटे होते. १९९३ च्या सुमारास रहिवाशांनी अर्ज व मतदान यांच्या द्वारे नियम ठरविण्याची पद्धत तेथे सुरू झाली. पायऱ्या नाहीशा केल्या की माणसांचे परस्परसंबंध हाच खेळाचा मुख्य विषय होतो, आणि त्यांची व्यवस्था लावावी लागते, हे यावरून ध्यानी येईल.

२००३ सालच्या 'पझल पायरेट्स' या खेळाने तिसरा मार्ग दाखविला. जहाजातील पाणी उपसणे, सुतारकाम करणे, शिडे सांभाळणे यांपैकी प्रत्येक काम म्हणजे एक स्वतंत्र कोडे. कोडे चांगले सुटले की जहाज वेगाने चालते. येथे प्रगती पात्राची होत नाही. ती खेळणाऱ्याच्या हाताची होते. नवखा माणूस पहिल्याच दिवशी जुन्या मित्राच्या जहाजावर पाणी उपसावयास बसू शकतो, आणि त्याने उपसलेले पाणी खरोखरच उपयोगी पडते.

मल्लेश्वरमचे एक उदाहरण

ही तत्त्वे एखाद्या प्रत्यक्ष स्थळावर योजून पाहिली म्हणजे अधिक स्पष्ट होतील. त्यासाठी बंगळूर शहरातील मल्लेश्वरम हा भाग सोयीचा आहे. येथील काडू मल्लेश्वर मंदिरापाशी १६६९ सालचा शिलालेख असून त्यात शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांच्या दानाची नोंद आहे. जवळचे सँकी तळे १८८२ साली बांधले गेले. १८९८ साली बंगळुरात प्लेग आला आणि दाटीच्या जुन्या पेठेतून माणसे बाहेर पडू लागली; तेव्हा आखीव रस्त्यांच्या या वसाहतीची वाढ झाली. सांपिगे रस्ता व मार्गोसा रस्ता यांना छेदणाऱ्या आडव्या रस्त्यांना येथे क्रमांक आहेत : आठवा क्रॉस, पंधरावा क्रॉस. पंधराव्या क्रॉसवरील रहिवासी आठव्यावरील रहिवाशापेक्षा श्रेष्ठ ठरत नाही. येथे आकडा पत्ता सांगतो, दर्जा सांगत नाही. पायऱ्यांवाचूनच्या खेळात आकड्यांनी नेमके एवढेच काम करावे.

प्लेगनंतर वसत असलेली ही वसाहत हेच खेळाचे जग आहे, अशी कल्पना करा. त्याची रचना पुढील पाच नियमांवर करता येईल.

पहिला नियम : भूमिकेने काम व माहिती मिळावी, बळ मिळू नये. टपालवाल्याला कोणते कुटुंब कोठे उतरले हे ठाऊक असते, वैद्याला आजाराची लक्षणे कळतात, गवंड्याला विहिरीचा बांध कळतो. प्रत्येक अडचण सोडविण्यास निदान दोन भूमिका लागाव्यात.

दुसरा नियम : कसब खेळाडूच्या हातात असावे. फुलवालीने गजरा गुंफणे हे तालाचे कोडे होऊ शकेल. घर शोधणे हे नकाशा वाचण्याचे. सरावाने ते खरोखर सुधारते, आणि खेळ बंद केल्यावरही अंगी राहते.

तिसरा नियम : जगाला स्मरण असावे. खणलेली विहीर उद्याही तेथे असावी, दुर्लक्षिलेली बुजावी. पावसाप्रमाणे तळ्याची पातळी बदलावी. परत येण्याचे कारण 'माझे गुण किती झाले' हे नसून 'त्या विहिरीचे काय झाले' हे असावे.

चौथा नियम : नव्या माणसाजवळ जुन्यांजवळ नसलेले काही असावे. पेठेतून आज आलेल्या खेळाडूला तेथील आजची बातमी ठाऊक असते, आणि तिच्यावाचून जुन्या रहिवाशांचे काम अडते. मग जुनी माणसे नवख्याची वाट पाहू लागतात.

पाचवा नियम : खेळाला शेवट असावा. उगादीला, म्हणजे आपल्याकडील गुढीपाडव्याला, वर्षाची वही मिटावी व वसाहत नव्याने आरंभावी. मागे राहावा तो नकाशा, आणि कोणी काय बांधले याची नावनिशीवार नोंद. प्राचीन इजिप्तवर आधारलेल्या, लढाई नसलेल्या 'अ टेल इन द डेझर्ट' या २००३ सालच्या खेळात पायऱ्या होत्या खऱ्या. पण त्याचेही जग ठराविक काळाने समाप्त होऊन पुन्हा प्रथमपासून सुरू होई.

सावध राहण्याच्या गोष्टी

पायऱ्या काढल्या म्हणजे खेळ आपोआप चांगला होतो, असे मात्र समजू नये. शिडीमुळे नवख्याला 'आता काय करावे' हे कळते. ती काढल्यास हे मार्गदर्शन दुसऱ्या उपायाने करावे लागते. वसाहतीत पाऊल टाकताच कोणीतरी निरोप पोहोचविण्याचे काम सांगावे, हा साधा उपाय होय. दुसरा धोका असा की पायरी वेष पालटून परत येते. संपत्ती अमर्याद साठविता आली तर पैसा हीच पायरी बनते. जुन्यांचे टोळके झाले तर ओळख हीच पायरी बनते. खर्चाची बाजूही विसरून चालणार नाही. एकच राक्षस शंभर वेळा मारविणे स्वस्त असते, आणि शंभर निराळ्या अडचणी रचणे महाग पडते. पायऱ्यांवाचून खेळ रचणाऱ्याला हे श्रम स्वतः घ्यावे लागतात. ते तो खेळाडूवर ढकलू शकत नाही.

अशा खेळाची परीक्षा दोन प्रश्नांनी घेता येते. आज आलेला खेळाडू वर्षभर खेळलेल्या मित्राच्या खरोखर उपयोगी पडतो काय? आणि बक्षीस काढून टाकले, तरी ती कृती करावीशी वाटेल काय? भातुकली या दोन्ही परीक्षांत उतरते. संगणकावरील खेळही उतरू शकतो. मात्र त्याच्या रचनाकाराने खेळाडूच्या वेळेला आपल्या वेळेइतकीच किंमत दिली पाहिजे.

स्वाध्याय

१. पहिल्या पायरीला १ तास व पुढील प्रत्येक पायरीला आधीच्या दुप्पट वेळ लागत असेल, तर १० पायऱ्यांना एकंदर किती तास लागतील?

२. आपल्या गावातील एखादा बाजार वा जत्रा घेऊन तीन भूमिका लिहा. प्रत्येकीला दुसरीची गरज कोठे पडते, ते दाखवा.

३. विटीदांडू, सोंगट्या व भातुकली यांपैकी कोणत्या खेळात कसब खेळाडूच्या हातात असते आणि कोणत्या खेळात ते दानावर अवलंबून असते, याची चर्चा करा.