ओढ्याचे गढूळ पाणी : जमिनीच्या रक्षणाचा एक पाठ
(इयत्ता चौथी व पाचवी : परिसर अभ्यास)

जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडतात आणि त्याच सुमारास परभणी जिल्ह्यात मृगाच्या पावसाची वाट पाहिली जाते. पहिला मोठा पाऊस पडला की गावाजवळचा ओढा काळपट, गढूळ होऊन वाहू लागतो. मुलांना त्याचे कौतुक वाटते. कागदी होड्या सोडण्याची त्यांना घाई होते. परंतु पाण्याला आलेला तो रंग आपल्याच शिवारातील मातीचा आहे, हे त्यांच्या ध्यानी क्वचितच आणून दिले जाते. ती माती का वाहते आणि तिला शेतात कसे थोपवून धरावे, हे मुलांनी स्वतः पाहून समजून घ्यावे, हा या पाठाचा हेतू होय.

जमिनीची ओळख

जिल्ह्यातील बहुतेक जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्ट खडकाच्या, झिजेतून तयार झाली आहे. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या काठची जमीन भारी व खोल आहे. उत्तरेकडे जिंतूरच्या डोंगराळ भागात आणि दक्षिणेकडे गंगाखेड व पालम तालुक्यांतील बालाघाटच्या उतारांवर ती हलकी व उथळ असून थोडे खणताच मुरूम लागतो.

काळ्या मातीचे कण अतिशय बारीक असतात. ती ओलावा पुष्कळ धरून ठेवते; म्हणूनच पाऊस सरल्यावरही मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी पिकते. पण हीच माती भिजली की फुगते, तिची छिद्रे बुजतात आणि नंतरचे पाणी आत न मुरता वरून धावू लागते. उन्हाळ्यात ती आक्रसते आणि तिला खोल भेगा पडतात. या जमिनीत पोटॅश बहुधा पुरेसे असते. परंतु नत्र, स्फुरद व सेंद्रिय कर्ब यांची उणीव असते. सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा व शेणखताचा मातीत उरलेला अंश. तो कमी झाला की मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत.

दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर तयार होण्यास हजार वर्षांपर्यंतचा काळ लागू शकतो, असे संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते. तो थर वाहून जाण्यास मात्र थोडे पावसाळे पुरतात.

पहिला प्रयोग

तेलाचे तीन रिकामे डबे आडवे कापून पसरट तबके करावीत व प्रत्येकाच्या एका बाजूस पाणी निघण्यापुरती खाच ठेवावी. तिन्हींत शेतातील माती सारखी भरावी. पहिल्या तबकात बोटाने उताराच्या दिशेने रेघा ओढाव्यात. दुसऱ्यात उताराला आडव्या रेघा ओढाव्यात. तिसऱ्यात मातीवर वाळलेले गवत पसरावे. तबकांच्या एका टोकाखाली वीट ठेवून खाचेखाली काचेची बरणी ठेवावी. मग झारीने प्रत्येकात सारखेच पाणी घालावे.

पहिल्या बरणीतील पाणी सर्वांत गढूळ निघते. आडव्या रेघांच्या तबकातून पाणी हळू येते, आणि गवत पसरलेल्या तबकातील पाणी सर्वांत निवळ असते. शिक्षकांनी निष्कर्ष आधी सांगू नये. बरण्या ओळीने मांडाव्यात आणि कारण मुलांनाच शोधू द्यावे.

दुसरा प्रयोग

एक वाळलेले ढेकूळ नांगरटीच्या शेतातील आणि दुसरे जुन्या बांधावरील गवताच्या मुळांजवळचे घ्यावे. दोन्ही पाण्याने भरलेल्या ग्लासांत अलगद सोडावीत. शेतातील ढेकूळ बहुधा लवकर विरघळून तळाशी बसते; गवताखालचे बराच वेळ टिकते. मुळ्या व कुजलेला पाला मातीला बांधून ठेवतात, ही गोष्ट मुलांच्या मनावर याहून चांगल्या रीतीने ठसविता येणार नाही.

गणिताशी सांगड

एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. एवढ्या शेतातून एक मिलिमीटर जाडीचा, म्हणजे रुपयाच्या नाण्याहूनही पातळ थर गेला, तर ४ घनमीटरांहून थोडी अधिक माती जाते. तिचे वजन सुमारे ५ टन भरते. एका बैलगाडीत अर्धा टन माती मावते असे धरल्यास दहा गाड्या माती गेली! उत्तर आल्यावर वर्गात क्षणभर शांतता पसरेल; ती शिक्षकांनी मोडू नये.

उपायांचा विचार

धावणाऱ्या पाण्याला चालावयास लावावे आणि चालणाऱ्याला मुरावयास लावावे, हे सर्व उपायांचे सूत्र आहे. यासाठी मशागत व पेरणी उताराला आडवी करावी. परभणी येथे १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाणारे मराठवाडा कृषी विद्यापीठ सोयाबीनसाठी रुंद वरंबा व सरी या पद्धतीची शिफारस करते. तीत जास्तीचे पाणी सरीतून संथपणे निघून जाते आणि पावसाने ओढ दिली तर वरंब्यातील ओल उपयोगी पडते.

बांधाचा विचार महाराष्ट्रात जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात पावसाबरोबर वाहून जाणारे कसदार सत्त्व शेतात मुरावे म्हणून ताली-बंधारे घालण्याचा आग्रह धरला होता. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील असंख्य हातांनी अशी कामे केली. मात्र बांध एके ठिकाणी फुटला व तसाच राहिला, तर सारे पाणी त्याच तोंडातून धावते आणि घळ पडते. म्हणून बांधावर गवत राखावे आणि फूट वेळीच बुजवावी.

जमिनीला खाऊ घालणे हा दुसरा उपाय. सोयाबीनमध्ये तूर किंवा कापसात मूग-उडीद घेतल्यास शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र धरतात. मुगाचे रोप उपटून त्या मुलांना दाखवाव्यात. ताग फुलावर येताच गाडल्यास हिरवळीचे खत होते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेल्या नाडेप पद्धतीत विटांच्या, भोके ठेवलेल्या टाक्यात काडीकचरा, थोडे शेण व माती यांपासून तीन-चार महिन्यांत खत तयार होते.

कालव्याच्या गावी आणखी एक गोष्ट सांगावी. जायकवाडी व पूर्णा प्रकल्पांच्या पाण्याने शेते हिरवी झाली. पण भारी जमिनीस गरजेहून अधिक पाणी दिले आणि निचरा नसला, तर ती चिबड होते व क्षार वर येतात.

शिक्षकांनी घ्यावयाची काळजी

वर्गातील अनेक मुलांच्या घरी पऱ्हाट्या शेतातच जाळल्या जातात किंवा चुलीत जातात, आणि शेणाच्या गोवऱ्या होतात. यामागे अज्ञानच असते असे समजू नये. सरपणाची अडचण खरी असते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापसाचे फार नुकसान केले. तेव्हापासून फरदड न ठेवता पऱ्हाट्या लवकर काढून टाकण्याचा सल्लाही शेतकऱ्यांना आग्रहाने दिला जातो. काढलेल्या पऱ्हाट्यांचे यंत्राने बारीक तुकडे करून नीट कुजविले, तर अळीचाही नाश होतो व खतही मिळते. पण यंत्र प्रत्येकाच्या दारी नसते.

म्हणून “तुमच्या घरी काय जाळतात?” असा प्रश्न भर वर्गात विचारू नये. मुलाच्या तोंडून वडिलांचा दोष वदविणे हे शिक्षण नव्हे. ज्यांना स्वतःची जमीन नाही अशा मजुरांच्या मुलांनाही या पाठात मान मिळावा. बांध कसा घालतात हे त्यांच्या आईवडिलांना पुष्कळदा अधिक ठाऊक असते. शाळेच्या आवारातील पाचोळा व पोषण आहारातील भाजीची देठे यांचा खड्डा शाळेनेच करावा. तयार झालेले खत पाहिल्यावर मुले घरी काय सांगावयाचे ते आपोआप सांगतील.

स्वाध्याय

१. पावसाळ्यात दर मोठ्या पावसानंतर ओढ्याचे पाणी एका बरणीत भरून तारीख लिहा. दुसऱ्या दिवशी तळाशी बसलेल्या गाळाची जाडी पट्टीने मोजा.
२. गावातील वयस्कर शेतकऱ्यास विचारा : पूर्वी कोणत्या शेतात माती खोल होती आणि आज तेथे काय दिसते?
३. आपल्या शिवारातील एक चांगला राखलेला बांध पाहून त्याचे चित्र काढा व तेथील गवतांची नावे लिहा.
४. शेतातील एका भेगेत काडी घालून तिची खोली मोजा.

भरलेल्या बरण्या ५ डिसेंबर रोजी, जागतिक मृदा दिनी, पालकांना दाखवाव्यात. शिक्षकांनी त्या दिवशी भाषण न करता कोणत्या बरणीत कोठले पाणी आहे एवढेच मुलांकडून सांगवावे. पुढील जूनमध्ये त्याच जागेचे पाणी पुन्हा भरून दोन्ही गाळांची तुलना करावी.