वासराच्या पोटातील केसांचा गोळा



मागच्या हंगामात ऊस नोंदीसाठी फिरताना आम्ही एका सभासदाच्या वस्तीवर गेलो. दोन महिन्यांची कालवड त्याच सकाळी दगावली होती. “परवापर्यंत दूध पीत होती की हो,” एवढेच ते म्हणत होते. डॉक्टरांनी पोट उघडले, तर लिंबाएवढा केसांचा घट्ट गोळा आतड्याच्या तोंडाशी अडकलेला निघाला. ऊस हा आमचा विषय खरा. पण ऊसबिल येईपर्यंत घर दुधावर चालते, म्हणून हे लिहितो.

गोळा कसा होतो? वासरू स्वतःचे व शेजारच्या वासराचे अंग चाटते. गिळलेले केस पचत नाहीत. पोटात वळून त्यांचा गोळा होतो. बहुधा तो तसाच पडून राहतो, पण वाट अडली की जीवावर बेतते. बादलीने घटाघट दूध पाजल्यावर चोखण्याची हौस राहते. शिवाय वैरण नसणे, मीठ-खनिजांची उणीव, उवा-गोचिडांची खाज, जंत, ही कारणे आहेतच.

काय करावे?

१. जन्मल्यापासून दोन तासांत चीक पाजावा. जार पडण्याची वाट पाहू नये. २५ किलोच्या वासरास दिवसभरात अडीच लिटर, दोन-तीन वेळा विभागून.

२. जन्मतः रवंथाचे पोट लहान असते. ते खाण्यानेच वाढते. दुसऱ्या आठवड्यापासून थोडा भरडा, मऊ वाळले गवत व स्वच्छ पाणी पुढे ठेवावे.

३. दूध पाजल्यावर तोंड पुसून चिमूटभर मीठ चाटवावे व वासरे थोडा वेळ लांब बांधावीत. गव्हाणीजवळ चाटणवीट टांगावी.

४. रोज खरारा करावा. सुटे केस निघतात, उवाही दिसतात.

५. दहाव्या ते पंधराव्या दिवशी डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे. रेडकांना तर चुकवूच नये.

६. गळितात वाढे मुबलक मिळते, पण त्यातील ऑक्झालेट अंगी लागणारे कॅल्शियम अडवते. लहान वासरू नुसत्या वाढ्यावर ठेवू नये.

पोट वारंवार फुगणे, दात खाणे, पोटाला लाथा मारणे, शेण कमी होणे, असे दिसताच डॉक्टरांना बोलवा. गोळा विरघळविणारे औषध नाही. मोठा गोळा शस्त्रक्रियेनेच निघतो. घरी तेल पाजत दिवस घालवू नका.

त्या सभासदांनी दुसऱ्या वासराला खरारा सुरू केला आहे. आपणही आजच गोठ्यात एक फेरी मारा.