लेकरू काऊन रडते?

अमरावती, 14 मे

चि. मेघा,


काल फोनवर "मावशी, लेकरू काऊन रडते तेच समजत नाही" एवढं म्हणालीस आणि तूच रडायला लागलीस. म्हणून सावकाश लिहिते.

बाळाला पाचवा आठवडा लागलाय. रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरतं. ब्राझेल्टन नावाच्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञानं 1962 साली आयांनी ठेवलेल्या रोजच्या नोंदी छापल्या. त्यात सहा आठवड्यांची धडधाकट लेकरंही दिवसाकाठी पावणेतीन तासांच्या घरात रडत होती, त्यातही संध्याकाळी जास्त. तेव्हा बाळ रडलं की "तुला दूध पुरत नाही" म्हणणाऱ्यांचं लगेच खरं मानू नको. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतात का, वजन वाढतंय का, ते बघ. भुकेलं बाळ रडायच्या आधी मूठ चोखतं, मान वळवून तोंड उघडतं. तेव्हाच जवळ घे. रडून लाल झालं की ते नीट पीतही नाही.

अकोल्याच्या मे महिन्यात तू त्याला टोपडं, मोजे आणि वर दुपट्यात गुंडाळलंयस! मानेमागे हात लाव. घाम असेल तर सगळं काढ, एक सुती झबलं पुष्कळ झालं. तहान लागली म्हणून चमच्यानं पाणी पाजू नको. आईच्या दुधात शंभरात 88 भाग पाणीच असतं. उन्हाळ्यात ते जास्त वेळा पाज.

माझा मुलगा, तुझा दादा, दीड महिन्याचा असताना एका रात्री काही केल्या थांबेना. मी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, बेंबीभोवती हिंग लावला. पहाटे आंघोळीला उघडा केला तर करदोडा कमरेत रुतलेला, खाली लाल वळ. पोर वाढलं होतं, दोरा बारशाच्याच मापाचा. मी परिचारिका, दवाखान्यात लोकांची लेकरं उघडी करून तपासायची, आणि माझं रात्रभर कपड्यात रडत राहिलं. अजून आठवलं की पोटात कालवतं. म्हणून सांगते, आधी अंगावरचं सगळं काढून बघ. करदोडा, वाळे, काखा, जांघा. पायाची बोटंही बघ, कधी आईचाच लांब केस बोटाला आवळून बसतो.

आपल्या मेळघाटात लेकराचं पोट फुगलं की तापल्या विळ्यानं पोटावर चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. फेब्रुवारी 2025 मध्ये 22 दिवसांच्या बाळाला असे 65 चटके दिल्याची बातमी आली, त्या दिवशी मला घास गेला नाही. पण त्या घरालाही लेकराचा त्रास लवकर थांबायला हवा होता, जशी आपल्याला घाई असते तशीच. धुरी आणि मधाचं बोट त्याच घाईतून येतात. धुरीचा धूर छातीत जातो. मधातल्या जंतूंमुळे वर्षाच्या आतलं बाळ लुळं पडू शकतं. दोन्ही नको.

ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, दूध ओढेना, हिरवी उलटी झाली, शौचात रक्त दिसलं किंवा एरवी रडणारं बाळ मलूल पडलं, तर सकाळची वाट बघू नको. 108 फिरव, लेडी हार्डिंग दवाखान्यात ने.

आणि रडणं अगदीच सोसेना, तर बाळाला गादीवर उताणं ठेव आणि पाच मिनिटं बाहेर जाऊन बस. त्यानं तुझं मातृत्व कमी होत नाही. रागाच्या भरात गदागदा हलवलं तर मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. आल्यावर बाळ माझ्याकडे दे आणि पाजायची वेळ होईस्तोवर झोप.

तुझी,
मावशी