जरा पानी दीजिए

परक्या मुलखात गेलेल्या माणसाला पहिली निकड भासते ती पाण्याची, आणि परकी भाषा शिकू लागलेल्याला पहिले वाक्य हवे असते तेही बहुधा पाणी मागण्याचेच. चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या वनप्रधान जिल्ह्यांत तर ही निकड विशेषच जाणवते. वैशाखात चंद्रपुरी पारा 45 अंशांच्या वर चढतो. मोहफुले वेचणाऱ्या बाया पहाटेच्या अंधारातच रानाची वाट धरतात आणि ऊन तापण्यापूर्वी टोपल्या भरून परततात. त्यांच्या पाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. रानात निघालेला माडिया वाळक्या भोपळ्याचा तुंबा भरून बरोबर घेतो. गावात घरोघरी माठ आणि गुंड भरून ठेवलेले असतात, आणि दारी आलेल्या वाटसरूने पाणी मागितले असता नाही म्हणण्याची रीत नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की मागावयाचे कोणत्या भाषेत?

हा प्रश्न येथे पुस्तकी नाही. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झाला. त्यापूर्वी हे दोन्ही जिल्हे मिळून एकच विस्तीर्ण जिल्हा होता आणि दीर्घकाळ तो चांदा ह्या नावाने ओळखला जाई. ह्या मुलखाच्या पूर्वेस छत्तीसगड आणि दक्षिणेस तेलंगण आहे. आतल्या रानात गोंडी आणि माडिया बोलतात. प्राणहितेच्या काठी वसलेल्या सिरोंच्यास गेले, की तेलुगू कानी पडू लागते. चामोर्शी आणि मुलचेरा भागांत पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत. त्यांच्या घरांत बंगाली बोलली जाते. बल्लारपूरचा कागद कारखाना, घुग्घुसच्या कोळशाच्या खाणी, चंद्रपूरचे वीज केंद्र ह्यांच्या आसपास उत्तर भारतातून आलेली कुटुंबे राहतात. ह्या सर्वांनी एकमेकांशी बोलावयाचे, तर पुष्कळदा हिंदीचाच आधार घ्यावा लागतो. तशी हिंदी येथे नवी नव्हे. 1956 पर्यंत हा प्रदेश जुन्या मध्य प्रदेशात होता. त्याची राजधानी नागपूर, आणि कारभारात मराठी व हिंदी ह्या दोन्ही भाषा चालत असत.

मराठी मुलाला हिंदी सोपी वाटते. लिपी तीच, शब्द बरेचसे ओळखीचे. झाडीपट्टीतील मुलाला तर पाण्यासाठी वेगळा शब्दसुद्धा शिकावा लागत नाही, कारण त्याच्या बोलीत ‘ण’चा उच्चार ‘न’ असाच होतो. पुस्तकात ‘पाणी’ असे वाचणारा हा मुलगा घरी ‘मले पानी दे’ असेच म्हणतो. मात्र ही जवळीकच कधी कधी फसवी ठरते.

समजा, बल्लारपूरच्या वसाहतीत राहणारा एक मराठी मुलगा शेजारच्या हिंदी भाषिक घरी खेळावयास गेला आहे. ओसरीवर मित्राचे आजोबा बसले आहेत. मुलाला तहान लागते. त्याला घरचे वळण चांगले आहे. वडीलधाऱ्या परक्या माणसाला ‘दे’ म्हणू नये, ‘द्या’ म्हणावे, हे तो जाणतो. म्हणून तो मनाशी वाक्य जुळवतो: ‘आजोबा, तुम्ही मला पाणी द्या.’ मग त्याचे शब्दाला शब्द ठेवून हिंदी करतो: ‘दादाजी, तुम मुझे पानी दो.’ आजोबा पाणी देतात, परंतु त्यांच्या कपाळाला किंचित आठी पडते. मुलगा गोंधळतो. त्याने तर पुरता मान राखला होता!

घडले ते असे. मराठीत समोरच्या माणसाला ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ म्हणतात. ‘आपण’ हाही शब्द आहे, पण तो सभेत, निमंत्रणपत्रिकेत किंवा फार थोर व्यक्तीसमोर शोभतो. शेजारच्या काकांना ‘आपण पाणी द्यावे’ असे म्हणणाऱ्या मुलाला काका हसतीलच. शिवाय मराठीत ‘आपण’ म्हणजे ‘तुम्ही आणि आम्ही मिळून’ असाही अर्थ होतो, त्यामुळे रोजच्या बोलण्यात आदराचे काम ‘तुम्ही’ हाच शब्द करतो. हिंदीत ‘तू’, ‘तुम’ आणि ‘आप’ असे तीन शब्द आहेत आणि तिन्ही घरात वापरले जातात. ‘तू’ अत्यंत जवळिकीचा किंवा तुच्छतेचा. ‘तुम’ बरोबरीच्या मित्राचा, धाकट्या भावंडाचा. आणि मान द्यावयाचा तो ‘आप’. ‘तुम्ही’ आणि ‘तुम’ हे कुळाने सख्खे शब्द खरे, पण दोन घरी वाढल्यामुळे त्यांची पायरी वेगळी झाली आहे. ‘आप’ आणि ‘आपण’ यांचेही तसेच. दोन्ही संस्कृत ‘आत्मन्’ ह्या शब्दापासून आलेले, परंतु हिंदीने ‘आप’ला स्वयंपाकघरापर्यंत नेले आणि मराठीने ‘आपण’ला बैठकीतच बसवले.

क्रियापदही ह्याच पायऱ्यांनी चढते. ‘तू’बरोबर ‘दे’, ‘तुम’बरोबर ‘दो’, ‘आप’बरोबर ‘दीजिए’. त्यातही आणखी मार्दव आणावयाचे झाल्यास ‘दीजिएगा’ असे भविष्यकाळी रूप योजतात, म्हणजे ‘सवडीने द्या’ असा भाव त्यात येतो. मराठीत ‘दे’ आणि ‘द्या’ ह्या दोनच पायऱ्या असल्यामुळे मराठी मुलगा ‘द्या’च्या जागी दुसरी पायरी, म्हणजे ‘दो’, ठेवतो आणि फसतो. ‘दो’ म्हणजे अपशब्द नव्हे. मित्राला ‘पानी दो’ म्हणण्यात काहीच वावगे नाही. आईला ‘आप’ म्हणावे की ‘तुम’, ह्याविषयी तर हिंदी घराघरांत निरनिराळी रीत आढळते. तथापि परक्या घरातील वडील माणसापुढे ‘दीजिए’ म्हणणे हेच सुरक्षित.

हे ‘दीजिए’ मराठी कानाला परके वाटू नये. जुन्या मराठीत ‘दीजे’, ‘कीजे’, ‘म्हणिजे’ अशी रूपे विपुल आहेत. ‘दीजे’ म्हणजे ‘दिले जाते’ किंवा ‘दिले जावे’. समोरच्याला ‘तू दे’ अशी थेट आज्ञा न करता ‘दिले जावे’ असे म्हटले, की आज्ञेची धार जाते. हिंदीतील ‘दीजिए’, ‘कीजिए’ ह्या रूपांचा संबंध अभ्यासक ह्याच प्राकृत वळणाशी जोडतात. मराठीने ‘दीजे’ टाकून दिले, पण त्याची दोन भावंडे आजही रोज आपल्या तोंडी असतात. ‘म्हणिजे’चे ‘म्हणजे’ झाले, आणि ‘पाहणे’पासून ‘पाहिजे’ झाले. हिंदीतील ‘चाहिए’ हाही ‘चाहना’पासून तसाच घडलेला शब्द आहे. ‘मला पाणी पाहिजे’ आणि ‘मुझे पानी चाहिए’ ही वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे हे साम्य सहज ध्यानी येते.

आता आरंभीचा ‘जरा’. अर्जात किंवा पाटीवर ‘कृपया’ लिहितात, पण घरात ‘कृपया पाणी द्या’ असे कोणी म्हणत नाही. ‘जरा पाणी द्या’ असेच म्हणतात. हिंदीतही तीच चाल आहे. हा शब्द मूळचा अरबी. कण ह्या अर्थाच्या ‘ज़र्रा’ ह्या शब्दाशी त्याचे नाते आहे, आणि फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. मराठीत त्यातील ‘ज’ जहाजातल्या ‘ज’सारखा दंततालव्य उच्चारतात. जीवनातल्या ‘ज’सारखा उच्चारला, तर तो संस्कृत ‘जरा’ होतो आणि त्याचा अर्थ म्हातारपण! हिंदीत काळजीपूर्वक लिहिणारे ‘ज़रा’ असा अक्षराखाली नुक्ता देतात. तो घर्षक उच्चार मराठीच्या दंततालव्य ‘ज’ला जवळचा असल्यामुळे मराठी मुलाला तो फारसा अवघड जात नाही.

तहानेने घसा कोरडा पडला असताना माणूस ‘जरा’ म्हणतो, म्हणजे कणभरच मागतो, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. तांब्याभर पाणी हवे असते, मागणे मात्र थेंबाचे! आणि ही रीत मराठी-हिंदीचीच आहे असेही नाही. सिरोंच्याकडील तेलुगू घरात वडील माणसाला ‘कोंचेम नीळ्ळु इव्वंडी’ असे म्हणतात. त्यातील ‘कोंचेम’ म्हणजे थोडे, ‘नीळ्ळु’ म्हणजे पाणी आणि ‘इव्वंडी’ म्हणजे द्या. ह्यातील ‘अंडी’ हा प्रत्यय आदराचा. पलीकडे तेलंगणातील बोलीत तर ‘कोंचेम’च्या ठिकाणी ‘जर’ असेही म्हणतात. तो आपला ‘जरा’च. मुलचेऱ्याच्या बंगाली घरात ‘एकटु जल दिन’ असे म्हणतात. ‘एकटु’ म्हणजे थोडेसे. आणि मित्राला ‘दाओ’, वडिलांना ‘दिन’, अशा पायऱ्या तेथेही आहेत. गोंडीत पाण्याला ‘एर’ म्हणतात. भामरागडच्या रानात वाट चुकलेल्या प्रवाशाला हा एक शब्द ठाऊक असला, तरी त्याचे काम भागेल.

‘पानी’ ह्या शब्दासंबंधी एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. मराठीत पाणी नपुंसकलिंगी आहे. हिंदीत नपुंसकलिंगच नाही. मुलगा पाहतो, की ‘रोटी’, ‘नदी’, ‘लकड़ी’ हे ईकारान्त शब्द स्त्रीलिंगी आहेत, आणि त्याच न्यायाने ‘ठंडी पानी’ म्हणून बसतो. हिंदीत ‘पानी’ पुल्लिंगी आहे. तेव्हा ‘ठंडा पानी’, ‘पानी अच्छा है’. ‘घी’, ‘दही’ आणि ‘मोती’ हेही असेच, शेवटी ईकार असून पुल्लिंगी.

हिंदी घरात आणखी एक वाक्य वारंवार ऐकू येते: ‘ज़रा पानी पिलाइए.’ पहिल्यांदा ऐकणाऱ्या मराठी मुलाला हसू येते. मराठीत पाणी पाजावयाचे ते गुरांना, तान्ह्या बाळाला किंवा अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्याला. शिवाय शत्रूला पाणी पाजणे म्हणजे त्याचा पराभव करणे. तेव्हा धडधाकट पाहुणा ‘पाणी पाजा’ म्हणू लागला, तर नवल वाटावे यात आश्चर्य नाही. हिंदीत मात्र तो पाहुणचाराचा शब्द आहे. ‘दीजिए’मध्ये केवळ पाणी हाती देणे आले, ‘पिलाइए’मध्ये तहानेल्याला बसवून, आस्थेने पाणी देणे आले. पाणपोईला हिंदीत ‘प्याऊ’ म्हणतात, तोही पिण्या-पाजण्याच्याच कुळातील शब्द.

ह्या मागणीचे उत्तरही शिकून ठेवावयास हवे, कारण शेजारचे आजोबा उद्या मराठी घरी आले, तर पाण्याचा गडवा पुढे करताना मुलानेच बोलावयाचे आहे. तेथे ‘लो’ म्हटले, तर पुन्हा ‘दो’सारखीच गत होईल. ‘दीजिए’ला जोडीचा शब्द ‘लीजिए’, म्हणजे ‘घ्या’. मराठी घरांत पाहुणा मागण्याची वाट न पाहता पाणी आणून ठेवतात. तेव्हा अशा वेळी ‘दादाजी, पानी लीजिए’ एवढे पुरे होते, आणि आजोबांना ‘दीजिए’ म्हणण्याची गरजच पडत नाही.